विद्यापीठांची सामाईक आज्ञावली आणि परवान्याच्या अटी

नाशिक व धुळे जिल्ह्यांतील नद्यांवर बंधारे बांधून पाटाचे पाणी सामाईकपणे वापरण्याची फड पद्धती शतकानुशतके चालत आली. ती टिकली याचे श्रेय बंधाऱ्याच्या दगडांइतकेच तिच्या नियमांनाही द्यावे लागेल. पाळी कोणाची, पाट कोणी साफ करावयाचा, बंधारा फुटला तर श्रम कोणी द्यावयाचे, हे आधीच ठरलेले असे. सामाईक मालमत्ता सद्भावनेवर सुरू होते. टिकते ती मात्र स्पष्ट नियमांवर, हा ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाचा अनुभव आहे.

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, ही आजच्या विद्यापीठांची अशीच एक सामाईक होऊ शकणारी मालमत्ता होय. प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, लेखा, अध्यापन ही सर्व कामे आता तिच्याविना चालत नाहीत. पाणी आणि आज्ञावली यांच्यात एक मोठा भेद मात्र आहे. पाणी एकाच्या शेतात गेले की दुसऱ्याला तेवढे कमी पडते. आज्ञावलीची प्रत शंभर विद्यापीठांनी घेतली तरी मूळ प्रत जशीच्या तशी राहते. मग सार्वजनिक निधीतून एका विद्यापीठाने तयार केलेली आज्ञावली दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठास देताना अटी हव्यात तरी कशाला, असा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. त्याचे उत्तर असे की, येथे वाटावयाचा असतो तो हक्क आणि जबाबदारी यांचा भाग. प्रत देणे हे काही मिनिटांचे काम असते. हक्क व जबाबदारी यांची वाटणी ठरविण्यास मात्र पुष्कळदा कित्येक महिने लागतात.

परवाना म्हणजे काय?

कायद्याच्या दृष्टीने आज्ञावली ही लेखनकृती मानली जाते. तिच्यावर कर्त्याचा किंवा त्याला कामावर नेमणाऱ्या संस्थेचा स्वामित्वहक्क असतो. या हक्कधारकाच्या अनुमतीवाचून इतरांना तिच्या प्रती काढता येत नाहीत, तिच्यात फेरफार करता येत नाहीत आणि ती पुढे कोणाला देताही येत नाही. प्रत हाती आली म्हणजे हक्कही आला, ही समजूत चुकीची आहे. परवाना याचा अर्थ मालकी स्वतःकडे ठेवून दुसऱ्याला दिलेली सशर्त अनुमती, असा होतो.

अशा परवान्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील परवाने उदार असतात. मूळ कर्त्याची सूचना कायम ठेवा आणि नंतर आज्ञावलीचा हवा तसा उपयोग करा, एवढीच त्यांची मुख्य अट असते. दुसऱ्या वर्गातील परवाने परस्परतेवर भर देतात. फेरफार केलेली आज्ञावली इतरांना द्यावयाची असेल, तर तिची मूळ संहिता त्याच अटींवर द्यावी लागते. दोन विद्यापीठे वाटाघाटीला बसतात तेव्हा या दोहोंपैकी कोणती दिशा घ्यावयाची हा पहिला प्रश्न असतो. परंतु तो शेवटचा मात्र नसतो.

बर्कलेचा धडा

सार्वजनिक विद्यापीठाने आज्ञावली वाटावी, आणि अटींच्या संदिग्धतेमुळे न्यायालयाची पायरी चढावी, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत घडले. एटी अँड टी या कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत तयार झालेली युनिक्स ही प्रणाली १९७० च्या दशकात अनेक विद्यापीठांना मूळ संहितेसह परवान्यावर मिळाली होती. बर्कलेतील अध्यापक व विद्यार्थी यांनी तिच्यात मोलाची भर घातली आणि ती भर इतर संस्थांना देण्यास सुरुवात केली. काळाच्या ओघात बर्कलेची भर एवढी वाढली की, कंपनीची संहिता वगळून उरलेला भाग स्वतंत्रपणे वितरित करावा असे ठरले, आणि १९९१ मध्ये तसा मोठा संच प्रसिद्ध झाला.

त्यानंतर १९९२ मध्ये युनिक्सचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीने हा संच वापरणाऱ्या एका उद्योगावर खटला भरला आणि पुढे त्यात विद्यापीठालाही गोवले. विद्यापीठानेही उलट दावा लावला. कंपनीने आपल्या प्रणालीत बर्कलेची संहिता वापरली, पण परवान्यात लिहिलेला श्रेयनिर्देश केला नाही, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. १९९४ च्या आरंभी तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींच्या संचातून केवळ ३ फाइली काढून टाकाव्या लागल्या आणि सुमारे ७० फाइलींवर कंपनीची स्वामित्वसूचना घालावी लागली. वाद एवढ्याशाच भागाचा होता. पण त्याचा निकाल लागेपर्यंत संपूर्ण संचाच्या वैधतेवर संशयाचे सावट राहिले. कोणता भाग कोणाचा याची नोंद प्रारंभापासून काटेकोर ठेवणे किती आवश्यक असते, हे यावरून दिसून येते.

बर्कलेच्या परवान्यातील आणखी एक अट पुढे अडचणीची ठरली. आज्ञावलीचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचे नाव देऊन श्रेय नमूद करावे, असे त्यात म्हटले होते. एका विद्यापीठापुरती ही अपेक्षा रास्त वाटते. परंतु इतर लेखकांनी व संस्थांनीही आपापले नाव घालून तीच अट उचलली. १९९७ मधील एका प्रणालीत अशी ७५ वेगवेगळी श्रेयवाक्ये मोजली गेली. त्या प्रणालीची जाहिरात करावयाची झाल्यास जाहिरातीपेक्षा श्रेयनामावलीच मोठी झाली असती! अखेर जुलै १९९९ मध्ये विद्यापीठाने ही अट रद्द केली. एकाने घातली तर निरुपद्रवी, पण सर्वांनी घातली तर जाचक, अशा अटी वाटाघाटीच्या वेळीच ओळखावयास हव्यात.

चार विद्यापीठांचा सामाईक प्रकल्प

या अनुभवानंतर विद्यापीठांनी अधिक योजनाबद्ध रीतीने एकत्र येण्याचा प्रयत्न केला. मिशिगन विद्यापीठ आणि इंडियाना विद्यापीठ ही दोन सार्वजनिक विद्यापीठे आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था व स्टॅनफर्ड विद्यापीठ या दोन खाजगी संस्था, अशा चौघांनी २००४ च्या प्रारंभी 'सकाई' हा प्रकल्प हाती घेतला. अभ्यासक्रम, पाठ्यसामग्री, गृहपाठ व चर्चा यांची व्यवस्था पाहणारी आज्ञावली या चौघांनीही आपापल्या घरी स्वतंत्रपणे तयार केलेली होती. एकच काम चार ठिकाणी, चार वेळा, चौपट खर्चाने होत होते. ते एकत्र करावे, हा या प्रकल्पाचा उद्देश. मेलन प्रतिष्ठानने त्यासाठी २४ लाख डॉलरचे अनुदान दिले आणि सहभागी विद्यापीठांनी आपले मनुष्यबळ दिले.

याच सुमारास इंडियाना विद्यापीठ, हवाई विद्यापीठ आणि इतर काही संस्था यांनी लेखा व वित्त व्यवस्थेसाठी 'कुअली' हा दुसरा प्रकल्प सुरू केला. कुअली हा मलाय भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ कढई असा आहे. स्वयंपाकघरातील हे भांडे साधे असले तरी त्याच्यावाचून अडते. विद्यापीठाची हिशेबाची आज्ञावलीही तशीच, हा त्या नावामागील भाव होता.

विद्यापीठे एकत्र येण्यामागे केवळ काटकसर नव्हती. व्यापारी आज्ञावली घेतल्यास तिचे वार्षिक शुल्क विक्रेता ठरवितो, तिच्यात कोणती सुधारणा केव्हा होईल हेही तोच ठरवितो, आणि वर्षानुवर्षांची माहिती तिच्यात साठल्यावर ती सोडणेही कठीण होते. मूळ संहिता आणि ती बदलण्याचा हक्क हाती असणे, हे विद्यापीठाच्या स्वायत्ततेचेच एक अंग ठरते. संहिता आहे पण हक्क नाही, किंवा हक्क आहे पण संहिता नाही, अशा दोन्ही स्थितींत ही स्वायत्तता अपुरी राहते.

वाटाघाटीतील पाच प्रश्न

अशा सहकार्यात विद्यापीठांच्या विधी कार्यालयांपुढे जे प्रश्न येतात, ते क्रमाने पाहणे उपयुक्त होईल.

पहिला प्रश्न मालकीचा. अध्यापकाने लिहिलेली संहिता त्याची की विद्यापीठाची? विद्यार्थ्याने लिहिलेली कोणाची? बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिली असेल तर? जो हक्क स्वतःकडेच नाही तो दुसऱ्याला देता येत नाही. म्हणून देणाऱ्या विद्यापीठाने प्रथम आपले घर नीट लावावे लागते. करारातील एका क्रियापदाने काय होऊ शकते हे स्टॅनफर्ड विद्यापीठाने औषधशास्त्रातील एका पेटंटाच्या प्रकरणी अनुभवले. संशोधकाने विद्यापीठाशी केलेल्या करारात हक्क 'देण्याचे मान्य' केले होते, तर एका कंपनीशी केलेल्या करारात ते 'याद्वारे देत आहे' असे लिहून दिले होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या विरुद्ध निर्णय दिला. संशोधनाला केंद्र शासनाचा निधी मिळाला म्हणून हक्क आपोआप विद्यापीठाकडे जात नाही, असे त्या निर्णयाने स्पष्ट झाले.

सामाईक प्रकल्पात या प्रश्नावर एक व्यवहार्य तोडगा निघाला. प्रत्येक सहभागी संस्था व व्यक्ती आपली मालकी सोडत नाही. ती फक्त प्रकल्पास आपल्या योगदानाचा व्यापक परवाना लेखी देते. योगदान स्वीकारण्यापूर्वी व्यक्तीचे आणि तिच्या संस्थेचे असे दोन्ही लेख दप्तरी असावेत, असा नियम ठेवण्यात येतो.

दुसरा प्रश्न नुकसानभरपाईच्या हमीचा. व्यापारी करारात 'तिसऱ्या पक्षाने दावा केल्यास नुकसान आम्ही भरून देऊ' असे कलम सर्रास आढळते. सार्वजनिक विद्यापीठाला मात्र असे वचन देणे बहुधा शक्य नसते. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या संविधानांत व कायद्यांत राज्याची पत दुसऱ्यासाठी गहाण टाकण्यास किंवा अमर्याद भावी दायित्व स्वीकारण्यास मनाई आहे. दोन सार्वजनिक विद्यापीठे समोरासमोर बसली आणि दोघांनीही परस्परांकडून अशी हमी मागितली, तर वाटाघाट तेथेच खुंटते. म्हणून विद्यापीठांमधील परवान्यांत आज्ञावली 'आहे तशी' दिली जाते. तिच्या निर्दोषतेची ग्वाही देणारा दिली जात नाही आणि घेणारा आपल्या जोखमीवर ती वापरतो. हे कलम कठोर दिसले तरी दोघांनाही सारखेच लागू असल्याने न्याय्य ठरते.

तिसरा प्रश्न न्यायक्षेत्राचा. वाद झाल्यास कोणत्या राज्याचा कायदा लावावयाचा? एका राज्याच्या विद्यापीठाला दुसऱ्या राज्याच्या न्यायालयाचा अधिकार मान्य करण्याची मोकळीक पुष्कळदा नसते. यावरचा उपाय साधा आहे: त्या विषयावर परवान्याने मौन पाळावे. सामाईक परवान्यांपैकी अनेकांत असे कलमच नसते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. अमेरिकेत राज्यांना केंद्रीय न्यायालयातील दाव्यांपासून घटनात्मक संरक्षण आहे. ते पेटंटभंगाच्या दाव्यांनाही लागू पडते असा निर्णय १९९९ मध्ये झाला, तर स्वामित्वहक्काच्या भंगाबाबत तसाच निर्णय २०२० मध्ये झाला. राज्यांची विद्यापीठे सामान्यतः या संरक्षणाच्या कक्षेत येतात. याचा अर्थ असा की, दोन सार्वजनिक विद्यापीठांमधील परवाना हा शेवटी न्यायालयाच्या धाकापेक्षा परस्परांच्या प्रतिष्ठेवर व विश्वासावर अधिक उभा असतो. विश्वासाला स्पष्ट शब्दांचा आधार असला की तो अधिक काळ टिकतो.

चौथा प्रश्न नावाचा व श्रेयाचा. मूळ विद्यापीठाचे नाव संहितेत कायम राहावे, ही अपेक्षा योग्य आहे. परंतु बदललेली व कदाचित सदोष झालेली आज्ञावली मूळ विद्यापीठाच्या नावावर खपविली जाऊ नये, हीही तितकीच योग्य अपेक्षा होय. म्हणून श्रेयसूचना टिकविणे, कोणत्या फाइलींत बदल केला ते नमूद करणे आणि संस्थेच्या नावाचा वा बोधचिन्हाचा हक्क परवान्यातून वगळणे, अशी तिहेरी व्यवस्था करण्यात येते. जाहिरातीतील श्रेयाची जुनी अट मात्र कोणी पुन्हा घालत नाही.

पाचवा प्रश्न पेटंटांचा. आणि याच प्रश्नावर वाटाघाटी खऱ्या अर्थाने अडल्या.

पेटंटाचा पेच

स्वामित्वहक्क संहितेच्या शब्दांचे रक्षण करतो, तर पेटंट तिच्यामागील कल्पक पद्धतीचे. एखादी आज्ञावली संपूर्णपणे स्वतः लिहिली तरी तिच्यातील पद्धतीवर दुसऱ्याचे पेटंट असू शकते. सकाई प्रकल्पाने आरंभी जो 'शैक्षणिक समुदाय परवाना' वापरला, त्याच्या पहिल्या आवृत्तीत पेटंटांविषयी काहीच लिहिलेले नव्हते.

ही उणीव २००६ मध्ये तीव्रतेने जाणवली. ब्लॅकबोर्ड या कंपनीला त्या वर्षाच्या जानेवारीत इंटरनेटवरून शिक्षण देण्याच्या पद्धतींवर अमेरिकी पेटंट मिळाले आणि जुलैमध्ये तिने डिझायर-टू-लर्न या कॅनडातील कंपनीवर खटला भरला. विद्यापीठांनी स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीवरही उद्या असा दावा होईल की काय, ही शंका सर्वत्र पसरली. सकाई प्रतिष्ठानाच्या वतीने पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी करण्यात आली आणि पेटंट कार्यालयाने २००७ च्या प्रारंभी ती मान्य केली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कंपनीने, मुक्त आज्ञावलीवर व विद्यापीठांनी स्वतः तयार केलेल्या आज्ञावलीवर आपण या पेटंटांचा वापर करणार नाही, असे जाहीर वचन दिले. पुढे २००८ मध्ये ज्यूरीने कंपनीच्या बाजूने सुमारे ३१ लाख डॉलरचा निर्णय दिला. परंतु २००९ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटातील वादग्रस्त दावे अवैध ठरविले.

या पार्श्वभूमीवर, आज्ञावली देणाऱ्या विद्यापीठाने निदान स्वतःच्या पेटंटांविषयी घेणाऱ्यास अभय द्यावे, ही मागणी रास्तच होती. जानेवारी २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अपाची परवाना, आवृत्ती २.०' मध्ये असे कलम होते. योगदान देणारी संस्था आपल्या योगदानात अपरिहार्यपणे वापरल्या जाणाऱ्या स्वतःच्या सर्व पेटंटांचा परवाना त्या कलमाने देते. व्यापारी कंपन्यांना ते सोयीचे वाटले. संशोधन विद्यापीठांची अडचण मात्र वेगळी होती.

ती समजून घेण्यासाठी विद्यापीठाची रचना ध्यानात घ्यावी लागते. कंपनीत पेटंटे आणि आज्ञावली या दोहोंचा निर्णय एकाच छताखाली, एकाच हेतूने होतो. विद्यापीठात संगणक केंद्रातील एक कर्मचारी गृहपाठ गोळा करण्याची आज्ञावली लिहीत असतो आणि त्याच वेळी दूरच्या एखाद्या विभागात, दुसऱ्याच निधीवर, एखादा प्राध्यापक माहितीच्या वर्गीकरणाचे नवे तंत्र शोधत असतो. त्या तंत्राचे पेटंट विद्यापीठाच्या नावावर होते. १९८० च्या बेह-डोल कायद्यानंतर केंद्रीय निधीतील संशोधनाचे हक्क विद्यापीठांकडे राहू लागले आणि अशा पेटंटांची संख्या वाढली. कदाचित त्या प्राध्यापकाच्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थेला त्या पेटंटावर प्रथम पसंतीचा हक्क आधीच देऊन झालेला असतो. आता संगणक केंद्राच्या कर्मचाऱ्याने आपली आज्ञावली अपाची परवान्याखाली दिली, तर त्या प्राध्यापकाचे पेटंट, त्याला कळण्यापूर्वीच, जगाला विनामूल्य दिले गेले असे होऊ शकते. एवढी मोठी संस्था, हजारो अध्यापक आणि शेकडो पेटंटे. कोणते पेटंट कोणत्या संहितेला भिडते याचा शोध घेणे प्रत्येक वेळी शक्य नाही. म्हणून विद्यापीठांची तंत्रज्ञान-हस्तांतरण कार्यालये स्वाक्षरी देण्यास कचरत होती.

आणि स्वाक्षरी नाही म्हणजे योगदान नाही. ज्या संशोधन विद्यापीठांकडे सर्वांत कुशल मनुष्यबळ होते, तीच सहकार्याबाहेर राहण्याचा धोका होता. लहान महाविद्यालयांना याची झळ सर्वाधिक लागली असती, कारण स्वतः आज्ञावली लिहिण्याची त्यांची ऐपत नव्हती.

एका कलमाचा बदल

या पेचातून निघालेला मार्ग म्हणजे एप्रिल २००७ ची 'शैक्षणिक समुदाय परवाना, आवृत्ती २.०' होय. त्याची रचना बोधप्रद आहे. विद्यापीठांनी संपूर्ण नवा परवाना लिहिला नाही. अपाची परवान्याचा मजकूर त्यांनी घेतला आणि केवळ पेटंटाच्या कलमात मर्यादा घातली. नवा मजकूर आला की प्रत्येक विधी कार्यालयाला तो प्रारंभापासून वाचावा लागतो; परिचित मजकुरातील एक बदल मात्र लवकर समजतो व लवकर मान्य होतो.

ही मर्यादा दुहेरी आहे. संस्थेच्या नोकरीत असलेल्या व्यक्तीने योगदान दिले असेल, तर पेटंटाचा परवाना फक्त अशाच पेटंटांपुरता राहतो की, ज्यांचा संशोधक आणि आज्ञावलीचा लेखक ही एकच व्यक्ती आहे. शिवाय संशोधन-निधीच्या करारांनुसार तसा परवाना देण्याचा हक्क संस्थेकडे असला पाहिजे. म्हणजे संगणक केंद्रातील लेखकाने स्वतः शोधलेले तंत्र आज्ञावलीत घालून नंतर त्याच तंत्राच्या पेटंटासाठी घेणाऱ्याला वेठीस धरावे, हा मार्ग बंद झाला. दुसऱ्या विभागातील प्राध्यापकाचे हक्कही सुरक्षित राहिले.

यात घेणाऱ्याने काही गमावले हेही मान्य करावे लागेल. मूळ अपाची परवान्याच्या तुलनेत त्याला मिळणारे अभय संकुचित झाले. मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाने या परवान्याला मान्यता देताना पेटंटाच्या कलमातील हा बदल नमूद केला. परंतु विद्यापीठांपुढे पर्याय असा होता की, एक तर संपूर्ण अभय मागावे आणि काहीच मिळू नये, किंवा मर्यादित अभयावर सहकार्य सुरू व्हावे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन विद्यापीठाने २००६ पासून सकाईवर आधारलेली 'वुला' ही सेवा चालविली. वुला या शब्दाचा तेथील भाषांत अर्थ आहे 'उघडा'. दूरच्या खंडातील सार्वजनिक विद्यापीठाला परवाना-शुल्क न देता ही आज्ञावली घेता आली व बदलता आली, याचे श्रेय अर्थातच तिच्या परवान्याच्या उदार अटींना द्यावे लागेल.

अटी बदलल्या तर?

कुअली प्रकल्पाला पुढे वेगळे वळण लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये या प्रकल्पाने विकासाचे काम एका व्यापारी कंपनीमार्फत चालविण्याचे जाहीर केले आणि नव्या संहितेसाठी परस्परतेवर आधारलेला एजीपीएल परवाना निवडला. बदललेली आज्ञावली जाळ्यावरून सेवा म्हणून पुरविणाऱ्यानेही आपली संहिता वापरणाऱ्यांना उपलब्ध करून दिली पाहिजे, असे हा परवाना सांगतो. या निर्णयामागे विकासासाठी भांडवल उभारण्याची गरज होती. ज्यांनी आपले कर्मचारी वर्षानुवर्षे प्रकल्पाला दिले होते, त्या संस्थांपुढे मात्र पुढील दिशा कोण ठरविणार, असा प्रश्न उभा राहिला.

येथे जुन्या परवान्यातील एका शब्दाचे मोल कळते. शैक्षणिक समुदाय परवान्याने दिलेला स्वामित्वहक्काचा परवाना कायमस्वरूपी व अपरिवर्तनीय आहे. नवी आवृत्ती नव्या अटींवर आली, तरी जुन्या अटींवर मिळालेली आवृत्ती विद्यापीठाला वापरता येते, बदलता येते व इतरांना देताही येते. अर्थात संहितेचा हक्क हाती असणे आणि ती सांभाळणारी माणसे जवळ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परवाना हक्क देतो. माणसे मात्र विद्यापीठालाच तयार करावी लागतात. सकाईने दुसरा मार्ग धरला. २०१२ च्या अखेरीस तिचे प्रतिष्ठान समविचारी संस्थेत विलीन होऊन 'अपेरिओ प्रतिष्ठान' स्थापन झाले आणि प्रकल्पाचे विश्वस्तपण शैक्षणिक संस्थांकडेच राहिले.

भारतीय कायद्याची चौकट

भारतातील विद्यापीठेही सामाईक आज्ञावलीचा लाभ घेत आहेत. संशोधन प्रबंधांचा 'शोधगंगा' हा राष्ट्रीय संग्रह डीस्पेस या मुक्त आज्ञावलीवर उभारण्यात आला असून महाराष्ट्रातील विद्यापीठांचे प्रबंधही त्यात आहेत. मात्र अमेरिकेतील परवान्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणे येथे पुरेसे नाही, कारण भारतीय कायद्याच्या काही तरतुदी वेगळ्या आहेत.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ च्या सुधारणेने संगणक आज्ञावलीचा समावेश लेखनकृतीत झाला. नोकरीच्या ओघात कर्मचाऱ्याने केलेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. बाहेरच्या कंत्राटदाराला मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही. म्हणून विद्यापीठाने पैसे देऊन आज्ञावली करून घेतली, पण हक्काच्या हस्तांतरणाचे कलम करारात घातले नाही, तर ती दुसऱ्या विद्यापीठास देण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसेल, अशी स्थिती उद्भवू शकते.

दुसरी तरतूद अधिक महत्त्वाची आहे. हक्काचे हस्तांतरण व परवाना हे लेखी असावे लागतात. त्यांत मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश नमूद केला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. 'हे विद्यापीठ त्या विद्यापीठास आज्ञावली वापरण्याची परवानगी देत आहे' एवढ्या एका वाक्याच्या पत्रावर विसंबलेले विद्यापीठ पाच वर्षांनंतर परवान्याविना उरू शकते. 'कायमस्वरूपी' आणि 'अपरिवर्तनीय' हे शब्द म्हणूनच अलंकारासाठी घालावयाचे नसतात.

पेटंटाबाबत भारताची स्थिती निराळी आहे. निव्वळ संगणक आज्ञावलीला येथे पेटंट मिळत नाही. तथापि यंत्राशी निगडित तंत्रांवर पेटंटे होऊ शकतात आणि अभियांत्रिकी विभागांत ती होतातही. यास्तव पेटंटाचे कलम अनावश्यक ठरत नाही. त्याचा भार मात्र हलका होतो. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, तेव्हा शासकीय व्यवस्थेतही हा विचार रुजू लागला असे म्हणता येईल.

स्वाक्षरीपूर्वी

विद्यापीठाचा कुलसचिव असो, जिल्हा परिषदेचा अधिकारी असो वा संगणक घेणारी ग्रामपंचायत असो, सार्वजनिक पैशातून आज्ञावली घेताना किंवा देताना काही प्रश्न विचारणे हे कर्तव्यच ठरते. मूळ संहिता मिळणार आहे काय? ती बदलण्याचा आणि दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला देण्याचा हक्क लेखी आहे काय? कंत्राटदाराने लिहिलेल्या भागाचा मालक कोण? मुदत व प्रदेश नमूद आहेत काय? संस्थेच्या अधिकारात नसलेली हमी कराराच्या एखाद्या कलमात दडलेली नाही ना? आणि उद्या करार संपला, तर साठविलेली माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल काय?

या प्रश्नांना कायदेपंडिताची भाषा लागत नाही. ते विचारण्यास उशीर मात्र होता कामा नये, कारण आज्ञावलीत एकदा काम सुरू झाले, विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका व कर्मचाऱ्यांची वेतने तिच्यातून निघू लागली, की वाटाघाटीची शक्ती देणाऱ्याच्या हाती जाते. चार विद्यापीठांनी चार वेळा तेच काम करण्याऐवजी एकदा करून सर्वांनी वापरावे, हे तत्त्व मान्य होण्यास वेळ लागत नाही. त्याला व्यवहाराचे रूप येते ते मालकी, हमी, श्रेय आणि पेटंट यांसारख्या रुक्ष कलमांवर शांतपणे बसून केलेल्या चर्चेतून. जी विद्यापीठे ही चर्चा प्रारंभीच करतात, त्यांच्या सार्वजनिक निधीतून निर्माण झालेली मालमत्ता सार्वजनिकच राहते.